सादळलेल्या चकतीवर चालणारी रेल्वे

रेल्वेचा नकाशा समोर आला की माझं बोट आपोआप रुळांच्या टोकाला जातं. जंक्शनांची मिजास मला कधी झेपलीच नाही. जपानच्या नकाशावर असंच भटकताना ते चिबा प्रांताच्या पूर्व कोपऱ्यात, पॅसिफिकच्या तोंडाशी अडलं. स्टेशनाचं नाव तोकावा. चोशी शहरातून निघून कोळ्यांच्या या वस्तीपाशी संपणारी चोशी इलेक्ट्रिक रेल्वे सगळी मिळून ६.४ किलोमीटर! १९२३ साली सुरू झालेली. तोकावाची लाकडी इमारतही तेव्हाचीच. एकेरी मार्ग, दुसऱ्यांनी वापरून सोडलेले डबे, वाटेत कोबीची शेतं, इनुबोसाकीचं १८७४ सालचं दीपगृह, आणि तोकावाला उतरलं की उताराने खाली बंदर. संपलं.

पण ही गाडी चालते कशावर? विजेवर, हे झालं कागदोपत्री. खरी चालते ती सेंबेईवर.

सेंबेई म्हणजे तांदळाची भाजलेली चकती. तिचा सगळा रुबाब कुरकुरीतपणात. चोशी पडलं सोया सॉसचं गाव. इथे चकती गरम असतानाच सॉसमध्ये बुडवतात, मग ती मऊ, चिवट आणि काळपट तपकिरी होते. आपल्याकडे पापड असा सादळला, तर डब्याचं झाकण नीट न लावणाऱ्याचा उद्धार होतो. या रेल्वे कंपनीने १९९५ पासून मुद्दाम सादळवलेला माल विकायला घेतला.

२००६ मध्ये पाणी गळ्याशी आलं. माजी अध्यक्षाच्या अफरातफरीने कंपनी खिळखिळी झालेली, गाड्यांची सक्तीची तपासणी तोंडावर आणि तिजोरीत खडखडाट. तेव्हा कंपनीने सरळ लोकांना सांगितलं, चकत्या विकत घ्या, गाडीच्या दुरुस्तीचे पैसे कमवायचे आहेत. मला हा बेधडकपणा भारी आवडतो. मदत मागितली, पण बदल्यात हातावर माल ठेवून! ऑर्डरी इतक्या आल्या की पुरवठा करताना नाकी नऊ आले. गाडी मात्र वाचली. २०१८ मध्ये त्यांनी मक्याच्या कांड्यांचा खाऊ काढला, तर आपल्या डबघाईचा विनोद थेट नावातच घातला: ‘माझुई-बो’, म्हणजे बेचव कांडी, आणि ‘माझुई’ म्हणजे अवस्था बिकट असंही. (आपल्याकडे असं नाव सुचवणाऱ्याची बदली झाली असती.)

तिकिटांपेक्षा खाऊची कमाई आता कितीतरी मोठी आहे. तेइकोकू डेटाबँक ही कंपन्यांची कुंडली ठेवणारी जपानी संस्था. तिच्या दप्तरी ही रेल्वे तांदळाचा खाऊ बनवणारी कंपनी म्हणून नोंदलेली आहे. आता या खाऊवाल्यांकडे स्वतःचे रूळ आणि १० स्टेशनं आहेत, ही गोष्ट वेगळी.