तात्याची जात

दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या माझ्या दीर्घकथेतला खलनायक पारधी आहे, जातपंचायतीचा पंच. संपादकांचा फोन आला, "कथा उत्तम, फक्त जात काढा. वाद कशाला?" त्यांची भीती पोकळ नव्हती. १८७१ पासून इंग्रजांच्या कायद्याने पारध्यांसकट जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पण गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी पालावर येतात.

म्हणून जात काढून पाहिली. तात्या नुसता 'वस्तीचा पुढारी' उरला आणि कथा लंगडी पडली. अख्खी वस्ती त्याला का मानते, हेच कळेना. ज्यांना ठाण्यात फक्त मार मिळाला, त्यांचं कोर्ट म्हणजे पंच. तात्या रात्री-अपरात्री ठाण्यात जाऊन पोरं सोडवून आणतो. आणि पोरीने मर्जीने लग्न केलं म्हणून सोनीच्या बापाला दंड लावतो, वाळीत टाकतो, दंडातला वाटा खिशात घालतो. पहिलं करतो म्हणूनच त्याला दुसरं पचतं.

जात परत घातली. चोरी मात्र कटाक्षाने टाळली. तात्याने कथेत साधी कोंबडीही उचललेली नाही. उकळत्या तेलातून नाणं काढून निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं दिव्यही गाळलं. (हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू!) वाचक तेलाकडेच बघत बसला असता. तात्याशी भांडणारी माणसंही पालावरचीच ठेवली, शहरातून येणारा तारणहार नको होता. सर्वांत वेळ खाल्ला सोनीच्या भावाने. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तो तक्रार द्यायला निघतो, पण ठाणं तेच, जिथून तात्याने त्याला एकदा सोडवून आणलंय.

मसुदा एका पारधी कार्यकर्त्याला दिला. तो म्हणाला, "ताई, तुमचा तात्या हसत कसा नाही? आमचे पंच लई हसवतात. हसवता हसवता दंड लावतात." पंचायतीचा प्रसंग नव्याने लिहिला. आता तात्या कोटी करतो, सोनीच्या बापालाही हसू आवरत नाही, आणि दंडाचा आकडा त्या हशातच येतो.

संपादकांनी कथा परत केली, दुसऱ्या अंकाने छापली. तात्याला शिक्षा होत नाही, हे मात्र त्या कार्यकर्त्याला अजून पटलेलं नाही. मी विचारलं, "तो आत गेला तर पोरांना सोडवायला कोण जाईल?"

"वकील जाईल. आता आमच्यातही आहेत की, ताई."