कुत्र्याच्या जिभेत औषध?

"काढा की हो ते गळ्यातलं, चाटू दे त्याला. कुत्र्याच्या जिभेत औषध असतंय," शेजारच्या काकू आज कुंपणावरून म्हणाल्या. मायेनंच म्हणाल्या, म्हणून उत्तर द्यायला जड गेलं.

आमच्या शेरूचा, चांगला धिप्पाड लॅब्रॅडोर, गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, तुटला होता. ऑपरेशन करून, हाड कापून, फिरवून, आत प्लेट नि स्क्रू बसवलेत. टाक्यांपर्यंत तोंड पोचू नये म्हणून गळ्यात कॉलर आहे. खानापूरचा पाऊस, अंगणभर चिखल. बाहेर नेताना पायाला एक थेंब लागू देत नाही. सकाळ-संध्याकाळ टाके बघतो: कडा कोरड्या, जुळलेल्या, खालच्या टोकाला जराशी लाली. सूज वाढली, पाणी आलं, वास आला, पाय टेकवेनासा झाला, तर लगेच डॉक्टर.

जिभेवर औषध नाही, जंतू असतात. ते प्लेटवर थर करून बसले की अँटिबायोटिकसुद्धा तिथं नीट पोचत नाही. कधी कधी हाड जुळल्यावर प्लेटच काढावी लागते. वजनदार कुत्र्यांत ही भीती जास्त. आणि आपल्याकडं बैलाच्या जखमेला लावतात ती हळदही या टाक्यांवर नको.

कॉलरमुळं रात्री तो झोपतच नाही. तुमच्यापैकी कुणी मोठ्या कुत्र्याचं असं केलंय का? रात्री कसं सांभाळलंत?