क्लक्स्टनच्या किकआउटचा तक्ता: २०११ ते २०२३, काम कुठवर आलं

आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये डब्लिनकडून खेळलेला गोलकीपर स्टीफन क्लक्स्टन याचे किकआउट (बॉल बाहेर गेल्यावर किंवा गुण झाल्यावर गोलकीपरने मारायची किक) सामन्यागणिक नोंदवण्याचं काम आता २०२३ च्या फायनलपर्यंत आलं आहे. २००१ मध्ये पदार्पण आणि नऊ ऑल-आयर्लंड विजेतेपदाची पदकं (२०११, २०१३, २०१५ ते २०२० ओळीने सहा, मग २०२३) हे इथे सगळ्यांना पाठ आहे. तक्ता काढायचा तो त्यापलीकडच्या प्रश्नासाठी: बॉल आपल्या माणसाला मिळाला का, एवढंच नाही, तर किती सेकंदांत आणि किती दबावाखाली मिळाला.

रकाने सध्या असे आहेत. सामन्याचं घड्याळ, तेव्हाचा गुणफरक, आधी काय झालं (वाइड म्हणजे बाहेर, पॉइंट म्हणजे क्रॉसबारवरून, की गोल म्हणजे खालून जाळ्यात), बॉल बाहेर गेल्यापासून किक लागेपर्यंतचे सेकंद, बॉल कुठे पोचला (आपल्या गोलपासून ४५ मीटरच्या आत, ४५ ते ६५, ६५ च्या पुढे), डावीकडे, मध्ये की उजवीकडे, घेणारा उभा होता की धावत, झेल स्वच्छ की बॉल हातांतून सुटून खाली पडला, त्या ताब्यातून पुढे काय निघालं, आणि बाकीसाठी ‘इतर’. गुणफरक काढताना गोल तीनाने गुणून घ्या. १-१२ (एक गोल, बारा पॉइंट) म्हणजे १५. घाईत १-१२ आणि ०-१४ पाहून पुढे कोण, हे उलटं लिहिलं जातं.

सेकंद मोजताना अंपायरने झेंडा हलवेपर्यंत थांबू नका. क्लक्स्टन दुसरा बॉल उचलून टीवर (बॉल टेकवायच्या छोट्या स्टँडवर) ठेवतो, तोवर झेंडा वर जायचाच असतो. बॉल क्रॉसबारवरून गेला की घड्याळ सुरू.

सगळ्यात मोठी गोची टीव्हीची. पॉइंट झाला की दिग्दर्शक रीप्ले दाखवतो, आणि परत मैदान दिसतं तेव्हा बॉल मिडफिल्डमध्ये असतो. अशी किक ‘दिसली नाही’ म्हणून लिहायचीच, वगळायची नाही. कॅमेऱ्याला चुकवून गेलेली किक बहुधा झटपट लागलेली असते, आणि क्लक्स्टनचं सगळं वैभव त्याच किकमध्ये. त्या गाळल्या की तक्त्यात फक्त सावकाश, अडवलेल्या किक उरतात आणि माणूस आहे त्यापेक्षा सामान्य दिसतो. पुढे ताबा कुणाकडे होता ते तरी कळतंच, तेवढं भरा.

२०११ ची फायनल (डब्लिन १-१२, केरी १-११) लोकांना भरपाईच्या वेळेतल्या त्याच्या फ्री-किकसाठी आठवते. १९९५ नंतरचं डब्लिनचं पहिलं विजेतेपद त्या डाव्या पायाने आणलं. किकआउटच्या तक्त्यात मात्र त्या पॉइंटला जागा नाही. ‘इतर’ रकान्यात एक ओळ, बस.

खरा अभ्यास २०१६ च्या सेमीफायनलमध्ये आहे. डब्लिन ०-९ विरुद्ध ०-४ असं पुढे होतं. मग केरीने प्रत्येक मोकळ्या माणसाला माणूस लावून पूर्ण संघ वर सरकवला, २-४ लागोपाठ काढले आणि मध्यंतराला पाच गुणांची आघाडी घेतली. हा तुकडा एकदा बॉल सोडून, फक्त केरीच्या फॉरवर्डवर नजर ठेवून पाहा. छोटी किक ज्या कोपऱ्यातल्या बॅकला जायची तो झाकलेला, म्हणून किक थांबते. थांबली की उरलेले केरीवाले जागा धरतात. आणि मग लांब, उंच किकशिवाय पर्याय राहत नाही. म्हणजे इथे फसली ती किक नव्हे, किकच्या आधीची चार-पाच सेकंदं. नुसती टक्केवारी लिहिणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. डब्लिनने तो सामना अखेर ०-२२ विरुद्ध २-१४ असा काढला, त्यामुळे उत्तरार्ध स्वतंत्र पानावर घ्यावा. दोन्ही अर्धे मिळून सरासरी काढली तर दोन वेगळे सामने एकात कालवले जातात.

प्रेस (फॉरवर्डनी वर येऊन किकआउट अडवणं) कधी बसतो, हेही ‘आधी काय झालं’ रकान्यावरून उलगडतं. प्रतिस्पर्ध्याने फ्री-किकवर पॉइंट घेतला असेल तर त्याच्या फॉरवर्डना जागा धरायला भरपूर वेळ मिळालेला असतो. धावत्या खेळातून वाइड गेला असेल तर ते विखुरलेले असतात. क्लक्स्टनची घाई या दुसऱ्या वेळी जास्त फळते. फील्डिंग लागायच्या आत चेंडू टाकण्यासारखं आहे ते.

२०१९ ची बरोबरीत सुटलेली फायनल (१-१६ प्रत्येकी) भरताना डब्लिनच्या जॉनी कूपरला लाल कार्ड मिळालं त्या क्षणी तक्त्यात रेघ ओढा. पुढे डब्लिन पंधराऐवजी चौदा जणांवर, म्हणजे किक घ्यायला एक माणूस कमी. केरीच्या पॉल गीनीची पेनल्टी क्लक्स्टनने अडवली ती अकरा मीटरवरून, तीही ‘इतर’मध्ये.

वर्षं एकमेकांत मिसळू नका. २०१७ पासून ४५ मीटर रेषेवर किंवा पुढे किकआउटचा स्वच्छ झेल घेतला की ‘मार्क’ (तिथूनच फ्री-किक) मिळू लागला, म्हणून लांब किकची किंमत वाढली. २०२० पासून सगळे किकआउट २० मीटर रेषेवरून. २०२३ मध्ये परतलेला क्लक्स्टन (फायनल: डब्लिन १-१५, केरी १-१३) या दोन्ही बदलांनंतरचा आहे. त्याची २०१५ शी थेट तुलना म्हणजे खेळपट्टी बदलून धावा मोजणं.

मैदानावर हे करून पाहणाऱ्यांसाठी: नेहमीच्या फुटबॉलचा (सॉकरचा) पाच नंबरचा बॉल चालत नाही. घेर सारखाच, पण तो ४१० ते ४५० ग्रॅम. गेलिक बॉल ४८० ते ५००. हलक्या बॉलवर बसवलेली सपाट किक जड बॉलने आखूड पडते. गेलिक बॉल नसेल तर अंतर सोडा, फक्त दिशा आणि टीवर ठेवण्यापासून किकपर्यंतचा वेळ सुधारा. टीची उंची कमी ठेवा. उंच टीवर पाय बॉलखाली शिरतो आणि किक तरंगते. तरंगलेली किक म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धावायला दोन सेकंद फुकट. लक्ष्य म्हणून उभा माणूस नको. बाजूच्या रेषेकडे धावणारा हवा, आणि बॉल त्याच्या छातीपुढे एक पाऊल.

२०२५ साठी वेगळा तक्ता लागेल. नव्या नियमाने किकआउट गोलसमोर आखलेल्या ४० मीटरच्या कमानीबाहेर गेलाच पाहिजे, आणि गोलकीपरला सहकाऱ्याकडून बॉल परत घ्यायचा तर दोघेही आपल्या गोलसमोरच्या मोठ्या चौकोनात हवेत किंवा गोलकीपर अर्ध्या रेषेपलीकडे हवा. हे नियम आणणाऱ्या समितीचा अध्यक्ष जिम गॅव्हिन, म्हणजे डब्लिनचा माजी प्रशिक्षक, ज्याच्या हाताखाली क्लक्स्टनने छोट्या किकवर पदकं जमवली तोच! जुना ‘४५ च्या आत’ रकाना त्यामुळे जवळजवळ बाद. त्याऐवजी ४० ते ५०, ५० ते ६५ आणि ६५ पुढे असे तीन पट्टे, आणि खाली पडलेला बॉल कुणी उचलला यासाठी एक जादा रकाना.