मुका टीव्ही, बोलकी बाई

सोमवार, रात्री

भाऊजींनी दिवाळीला पुण्याहून आणलेला स्पीकर आता घरात रुळला. असले बोलणारे स्पीकर भारतात 2017 साली आले, आमच्या घरी यायला 2025 ची दिवाळी उजाडली. हाक मारली की निळा लाइट लागतो आणि आतून बाईचा आवाज येतो, म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला 'बाई'च म्हणतात. बाईला हिंदी कळते. आत्याबाईंची हिंदी म्हणजे वऱ्हाडीच, पण "तुकडोजी महाराज का भजन लगा ना बाप्पा" एवढं तिला बरोबर समजते. खंजिरी वाजायला लागली की आत्याबाई आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघतात. पाहा, माझं ऐकते.

गंमत अशी की हे सगळं चालू असताना टीव्ही कोणीच बंद करत नाही. संध्याकाळी लागला की जेवणं आटोपेपर्यंत चालूच. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, बातम्यांच्या खालची पट्टी वाचायची असते, कापसाची. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव 8110, हे त्यांना तोंडपाठ आहे. खेडा खरेदीवाला दारात काटा लावून काय देतो ते कोणतंच चॅनल सांगत नाही, तरी बघतात. मग वाटणी झाली: चित्र मामाजींचं, आवाज आत्याबाईंचा. पडद्यावर चार माणसं एकमेकांवर बोटं नाचवत भांडत असतात आणि खोलीत भजन चालू. खरं सांगते, बातम्या अशा पुष्कळ बऱ्या वाटतात.

दोन्ही आवाज एकदम ठेवून पाहिले पोट्ट्यानं. नाही जमत. नुसती बासरी किंवा सनई असली तर टीव्हीच्या बोलण्याखाली खपून जाते, पण गाण्यात बोल आले की दोघांचंही काही कळत नाही. मालिकेला तर तिचंच ढॅण ढॅण इतकं असते की वरून आणखी कशाला?

बुधवार

टीव्ही मोठा असला की बाई हाकेला ओ देत नाही. आत्याबाईंना वाटलं रुसली. भाऊजींना फोन लावला तेव्हा उलगडा झाला. ती स्वतः जे वाजवते ते तिला ठाऊक असते, म्हणून माइकात आलेल्या आवाजातून तेवढं वजा करून उरलेल्यात ती आपली हाक शोधते. स्वतःचं गाणं कितीही मोठं असलं तरी त्यामुळं बरंचसं भागते. टीव्ही काय बोलणार हे मात्र तिला आधी माहीत नसते, मग वजा काय करणार? "टीव्हीच्या फळीवर ठेवला असंन तुम्ही," भाऊजी म्हणाले. तिथंच होता. उचलून देवळीत ठेवला, राउटरच्या बाजूला. आता ऐकते.

जाहिरातीत तिच्या नावासारखं काही आलं की मधेच जागी होते आणि "माफ कीजिए" म्हणते. शेजारच्या बाया बसायला आल्या की आत्याबाई आधी माइकचं बटण दाबतात, लाल लाइट लागला का ते वाकून बघतात, मगच गावातल्या गोष्टी सुरू. "ऐकते वं ते सबन."

गुरुवार

लाइन नव्हती. राउटर आणि बाई इन्व्हर्टरवर, टीव्ही नाही, मामाजींचा नियम. थोडा वेळ गाणी झाली, मग टॉवरच बसला. नेट नसलं की बाईला काही म्हणजे काही येत नाही.

शनिवार

आज मॅच. मामाजींना जुनी हौस आठवली: टीव्हीचा आवाज बंद आणि कॉमेंट्री रेडिओची. नागपूर आकाशवाणी 1948 ची, मामाजी तिच्याहून थोडे लहान. मीडियम वेव्हवर 585 कुठं लागते ते त्यांच्या बोटांना अजून माहीत आहे, ट्रान्झिस्टर मात्र कधीचा माळ्यावर गेला. म्हटलं, बाईला सांगू. तिनं आकाशवाणी लावली, स्वच्छ, एकही खरखर नाही. मामाजी खुश, लोड टेकून बसले.

पहिली विकेट पडली आणि घोटाळा. टीव्हीवर बॅट्समन बोल्ड होऊन, बॅट काखेत घालून, हातमोजे काढत निघालासुद्धा, आणि इकडं बॉलर अजून रनअपच्या टोकाकडं चाललेला. "काहून रे? हा तं आऊट झाला, अन् हे बाई त्याले अजून खेळवून राह्यली!" मामाजींना वाटलं जुनी मॅच लागली. मग खात्री पटली तर त्याहून वाईट. पडद्यावर चौकार गेलेला दिसतो, आणि थोड्या वेळानं तोच चौकार माणूस घसा ताणून सांगतो. शिळं पुन्हा गरम करून वाढल्यागत.

पोट्ट्यानं आजोबांना समजावलं, ते मीही भाकर थापता थापता ऐकलं. नेटवरचा आवाज तुकड्या-तुकड्यानं येतो. मधे नेट अडखळलं तर आवाज तुटू नये म्हणून स्पीकर आधी काही सेकंदांचा साठा करून घेतो आणि मगच वाजवतो. डिशचं चित्र 36,000 किलोमीटर वर उपग्रहाला जाऊन खाली येते, तरी त्या फेरीला जेमतेम पाव सेकंद लागतो. तेही मागंच असते मैदानाच्या, पण नेटवरची कॉमेंट्री त्याच्याही मागं. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या वक्ताले रेडिओ अन् टीव्ही बरोबरीनं चालत." यात खोटं काहीच नाही.

शेवटी कॉमेंट्री बंद करून जुनी गाणी लावली. क्रिकेटवर गाणी मस्त जमतात. स्कोअर कोपऱ्यात लिहिलेला, आऊट झाला ते दिसते, आणि शेजाऱ्यांकडं ओरडले तर कळतेच.

रविवार

आता माझं लिहिते.

या घरात आल्यापासून संध्याकाळचा टीव्ही मी बघितलाच नाही, ऐकला. चुलीशी होते तेव्हाही, गॅस आला तेव्हाही. समोरच्या खोलीतून आवाज यायचा आणि मी भाकरी टाकत मालिका चालवायची. कोण रडते, कोण खोटं बोलते, वकील कोणत्या बाजूचा, सगळं आवाजावरून. एकदा सणाच्या फुरसतीत समोर जाऊन बसले, तर जिला मी म्हातारी आत्या समजत होते ती माझ्याच वयाची निघाली, हिरव्या पैठणीतली.

स्पीकर आला, टीव्ही मुका झाला, आणि माझी मालिका तिथंच तुटली. कोर्टात साक्ष चालू होती. समोरच्या खोलीत सगळ्यांची सोय झाली, कारण तिथं डोळे आहेत. सैपाकघरात नुसते कान. हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, आणि त्यांचा राग तरी काय करायचा, मी टीव्ही बघते असं कोणी कधी धरलंच नव्हतं. मीही नाही.

मंगळवार

पोट्ट्यानं मागं एकदा ब्लूटूथनं टीव्हीचाच आवाज स्पीकरमधून काढला होता. आवाज भरदार आला, पण ओठ आधी आणि बोल मागून. ब्लूटूथवर आवाज आधी बारीक करून पाठवावा लागतो, तिकडं उलगडावा लागतो, त्यात सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा जातो. एवढासा, पण माणसाच्या तोंडाकडं बघत असलं की खटकते. मामाजींनी दोन मिनिटांत काढायला लावलं.

ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. आज तुरीचे सोले काढता काढता सुचलं, की ओठ मला दिसतात कुठं?

हे ओलिताला गेले होते, रातपाळीची लाइन. पोट्ट्याला म्हटलं, जोड. बाई देवळीतून काढून मिक्सरच्या प्लगवर आणली, मधे एकच भिंत, आवाज खणखणीत. साक्ष केव्हाच संपली होती, निकालही लागलेला. हरकत नाही, नवीन भांडण लागलं आहे, जमिनीचं.

ब्लूटूथ जोडलं की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद पडतो. समोरून मामाजी: "आवाज कुठं गेला वं, सूनबाई?" म्हटलं, इकडं आहे मामाजी, तुम्ही पट्टी वाचा. आत्याबाई उठून आल्या, पाट ओढला, सोल्यांची टोपली मांडीवर घेतली आणि ऐकत बसल्या. पाच मिनिटांनी म्हणाल्या, हा आवाज तं त्या मोठ्या सुनेचा ना? होय म्हटलं. मामाजींना भजन हवं होतं, पण बाईनं भजन लावलं तर मालिका थांबते. दोन्ही कामं एकदम तिच्यानंही होत नाहीत.

तर असं ठरलं: आठ ते साडेआठ बाई सैपाकघरात, नंतर देवळीत. पोट्टा म्हणतो दुसरा स्पीकर घेऊ. मामाजी म्हणाले, आधी कापूस विकू दे.