गल्लीखालचा पाइप

आमच्या घरामागच्या परड्यात आजोबांनी खोदवलेला आड आहे. बेळगावात अशा आडांची वाण नाही; 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर तर सर्वांनाच ठाऊक आहे. एका उन्हाळ्यात आमच्या आडाच्या पाण्याला वास येऊ लागला. आम्ही आधी मेलेला उंदीर शोधला, मग गाळ उपसला, आणि शेवटी ड्रेनेजची कामे करणाऱ्या गवंड्याने गल्लीतल्या चेंबरचे झाकण उचलून निकाल दिला, “काका, पावसाळ्यात तुमच्या आडाचं पाणी पाइपात जातं, आणि उन्हाळ्यात पाइपातलं आडात येतं.”

जुन्या ड्रेनेजचे सगळे दुखणे त्या वाक्यात आले. सांधे उघडे पडलेल्या पाइपाच्या वर भूजल चढले की ते आत झिरपते, आणि पातळी खाली गेली की मैलापाणी बाहेर पाझरते. वरून रस्ता मात्र धडधाकट दिसतो.

उकरून काढलेला पाइपाचा एक तुकडा मी हातात घेऊन पाहिला. खालची बाजू शाबूत होती, वरची मात्र भिजलेल्या खडूसारखी नखाने खरवडत होती. सांडपाणी सेकंदाला साधारण 0.6 मीटरपेक्षा संथ वाहिले की गाळ तळाशी बसतो आणि त्यात प्राणवायूविना जगणारे जीवाणू सल्फाइड तयार करतात; त्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू पाइपाच्या ओलसर छतावर पोहोचला की तिथले दुसरे जीवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात आणि काँक्रीटचे हळूहळू जिप्सम होते. म्हणजे पाण्यात बुडालेला भाग टिकतो आणि कोरडा वाटणारा भाग आधी जातो.

आपल्याकडे सांडपाण्याची चर्चा निघाली की ती बेळगावजवळच्या हलगा गावातल्या शुद्धीकरण प्रकल्पावर आणि त्यासाठी घेतलेल्या शेतजमिनीवर येऊन थांबते. शेतकऱ्यांचा विरोध मला समजतो. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात शिरल्यावर भाताचे काय होते, हे शहापूर-वडगावच्या लोकांना सांगावे लागत नाही. पण प्रकल्प हे या यंत्रणेचे शेपूट आहे. तिथल्या टाक्यांत घाण खाणारे जीवाणू पोसलेले असतात. पावसाळ्यात पातळ पाण्याचा लोंढा आला की त्यांना खाद्य कमी पडते, काम उरकायला वेळ मिळत नाही, आणि जोर फारच असला तर निवळण टाकीतला गाळ जीवाणूंसकट वाहून जातो. पाइप गळके ठेवून नवा प्रकल्प बांधणे हे फुटक्या घागरीखाली मोठे पातेले ठेवण्यासारखे आहे.

अरुंद गल्लीत घरांच्या जोत्यांना लागून खणायचे नसेल, तर आतून अस्तर लावण्याची पद्धत चांगली आहे. रेझिनमध्ये, म्हणजे तापवल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेली फेल्टची (नमद्यासारख्या जाड कापडाची) लांब पिशवी पाण्याच्या दाबाने उलटवत पाइपात सारतात आणि गरम पाण्याने किंवा वाफेने कडक करतात. असे आतून अस्तर लंडनमध्ये 1971 मध्ये पहिल्यांदा लावले गेले. मात्र पाइप खचून उतार बिघडला असेल तर अस्तरही त्याच खोलगट आकाराचे होते आणि गाळ पुन्हा तिथेच बसतो. म्हणून आधी आत कॅमेरा सोडून पाहावे, मगच ठेका द्यावा. हा क्रम सहसा उलटा होतो.

आणि एक गोष्ट आपलीच. माणशी रोज 135 लिटर पाणी धरले तर त्यातले सुमारे 80 टक्के ड्रेनेजमध्ये जाते, म्हणजे पाच माणसांच्या घराचे 540 लिटर. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दिवसभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, जे आपल्याकडे जुलैत नवल नाही, तर साडेचार हजार लिटरांहून अधिक पाणी होते. आमच्या गच्चीचा पाइप त्याच चेंबरात सोडलेला निघाला. आता तो परड्यातल्या शोषखड्ड्यात वळवला आहे. आडावर मात्र अजून जाळी आहे आणि रहाट उतरवून ठेवलेला आहे.