यातल्या कुठल्याच नाही

मंगळवार, रात्र

आप्पा इतकं सहज बोलून गेले की त्या क्षणी मला काही लागलंच नाही. भांडी आवरून, दही विरजून, दिवा मालवल्यावर लागलं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

धाकट्याचा शाळेचा प्रकल्प होता. ‘स्वतंत्र भारताने लढलेली युद्धे’. कार्डशीटवर तक्ता आखलेला: 1947-48, 1962, 1965, 1971, 1999. पुढे कोणाशी, कुठे, निकाल काय. सगळे रकाने भरून झाल्यावर त्याला एकदम सुचलं, “आजोबा, तुम्ही यातल्या कुठल्या युद्धात होता?” आप्पांनी चष्मा लावला, तक्ता वरपासून खालपर्यंत नीट वाचला. “यातल्या कुठल्याच नाही, बाळा.” आणि पेपर पुढे ओढला. “म्हणजे तुम्ही लढलाच नाहीत?” “स्केचपेनचं टोपण लाव, वाळेल,” म्हणाले.

खोटं काहीच नाही त्यात. 71ला ते शाळेत होते, आणि कारगिलच्या आधी पेन्शनवर आले. मधे ते श्रीलंकेत शांतिसेनेत लढले, त्याची ओळ त्या तक्त्यात नाही, एवढंच. पण एकदा ‘जाफना’ म्हणायला काय झालं असतं? नातवानं विचारलं होतं, कोणी परक्यानं नाही. मला त्यांचा राग आला, मग तक्त्याचा आला, मग नेमका कशाचा आला तेच समजेना.

माझं ते सगळं वर्ष अजून तसंच्या तसं आठवतं. निळी आंतरदेशीय पत्रं यायची, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर ‘56 एपीओ’. माणूस काश्मीरात असो नाहीतर समुद्रापलीकडे, पत्ता तोच. आई सकाळी साडेसातला रेडिओ सिलोनवर जुनी गाणी लावायची, शेवटी सैगल लागला की माझी शाळेची वेळ. ऑक्टोबर 1987 मध्ये आकाशवाणीच्या बातम्यांत जाफना जाफना सुरू झालं आणि सिलोन आमच्या घरात बंद पडलं. आईनं कधी सांगितलं नाही का ते. मीही विचारलं नाही. त्यावर आता लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही.

शाळेत कोणाचे वडील 65चे, कोणाचे 71चे. 26 जानेवारीला ते झेंड्याजवळ पहिल्या रांगेत बसायचे. माझे वडील त्याच वेळी खरोखर लढत होते, आणि बाईंनी वर्गात सांगितलं, “हिचे वडील शांतिसेनेत आहेत.” सगळ्यांना वाटलं, मग काळजीचं काही नाही. त्या वर्षी मी रोज रात्री पांघरुणात तोंड खुपसून झोपायची. ते माझं वर्ष तरी कुठल्या रकान्यात बसवू? त्याची कोणाला कधी गरजच पडली नाही.

(हे लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. आप्पांचं दुःख लिहायला घेतलं आणि स्वतःचंच उगाळत बसले. असू दे, खोडत नाही.)

विचार करतेय की हीच लढाई का गळली. हरलेलं माणूस विसरतो म्हणावं, तर आपण पानिपत कुठे विसरलो? 14 जानेवारी 1761, आणि आजही पोराटोरांना सदाशिवरावभाऊ तोंडपाठ. 62 सुद्धा विसरलो नाही. त्या नोव्हेंबरात यशवंतराव दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. प्रत्यक्षात ते संरक्षणमंत्री झाले तोवर चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीरही केली होती. पण आपल्याला धावलेला सह्याद्री आठवतो, आणि तो आठवतो म्हणून ती हार सोसवते. पुढच्या जानेवारीत दिल्लीत लताबाईंनी गाणं म्हटलं आणि रडायलाही एक जागा मिळाली. गोवा त्या तक्त्यात नाही, पण 19 डिसेंबरला गोव्यात सुट्टी असते. ज्याला एखादा दिवस मिळाला, गाणं मिळालं, निदान एखादं वाक्य मिळालं, ते टिकलं.

आप्पांच्या लढाईला यातलं काही मिळालं नाही, कारण ते द्यायला कोणीच नव्हतं. 29 जुलै 1987ला कोलंबोत राजीव गांधी आणि तिथले राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला, दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना तिथल्या एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. तिथल्या तमिळांचं रक्षण करायला म्हणून आपले लोक गेले, आणि दोन-अडीच महिन्यांत त्यांच्यातल्याच एलटीटीईच्या वाघांशी लढायला लागले. त्यातल्या कित्येक पोरांना हत्यार चालवायला आपल्याच देशात शिकवलेलं होतं. पुढे तिथे प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी आपल्या फौजेला निघून जायला सांगितलं आणि त्याच वाघांना हत्यारं पुरवली. आपल्याकडे तोवर सरकार बदललं. विश्वनाथ प्रताप सिंहांनी फौज परत बोलावली, मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी निघाली. मद्रासला बोट लागली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. पाठवणाऱ्यांना ती अडचणीची, परत बोलावणाऱ्यांना दुसऱ्यांची चूक, तमिळनाडूला जखम, आणि आपल्याला महाराष्ट्रात ती फार लांबची. 89ची निवडणूक इथे बोफोर्सवर गाजली, जाफन्यावर नाही. मग 21 मे 1991ला श्रीपेरुंबुदूर झालं. त्यानंतर लंका म्हटलं की सगळ्यांना तेवढंच आठवायला लागलं, आणि तेही साहजिकच होतं. 1,100 हून जास्त सैनिक तिथे कामी आले, ते त्या एका मृत्यूच्या मागे झाकले गेले.

परमेश्वरन यांचं नाव तरी किती जणांना माहीत आहे? मेजर रामस्वामी परमेश्वरन, 8 महार. जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईचं, पलटण आपली. 25 नोव्हेंबर 1987ला रात्री छातीत गोळी लागली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्याला पाडला, आणि मग गेले. परमवीर चक्र आहे त्यांना. कारगिलच्या चारही परमवीरांची नावं धाकटा घडाघडा म्हणतो. हे पाचवं मी सांगितलं तर म्हणाला, “पण हे कुठल्या युद्धातले?”

जिथे ती लढाई झाली त्या देशात मात्र आपल्या लोकांचं स्मारक आहे, कोलंबोजवळ, नावं कोरलेलं. 2025च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान तिथे गेले, पुष्पचक्र वाहिलं. टीव्हीवर ती बातमी काही सेकंद दिसली. आप्पा तेव्हा शेंगा फोडत होते. त्यांनी आवाज वाढवायला सांगितलं, तोवर पुढची बातमी लागली.

आणि मग महिन्याभरात मे आला.

मेबद्दल लिहायचं म्हणजे मला दोन्ही बाजूंनी खरं लिहायला हवं. पहलगामला 26 माणसं मारली, त्यात आपल्या महाराष्ट्रातली सहा. डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. सुट्टीला गेलेली माणसं. 7 मेला पहाटे पाकिस्तानवरच्या हल्ल्याची बातमी कळली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला आणि बरं वाटलं. ते मी लपवणार नाही, त्याची लाजही नाही. पण त्या चार दिवसांत कट्ट्यावर, फोनवर, टीव्हीवर जी ती व्यक्ती 71 बोलत होती. 93,000 युद्धकैदी, ढाका, तेरा दिवसांत निकाल. कोणी कारगिल बोलत होतं. 71ला जमालपूरला लढलेले मामा राजवाड्यापाशी बसले की भोवती माणसं जमत. त्यांचा मान आहेच तो, त्यांनी तो कमावलाय. त्यांना विचारून लोक मत बनवत होते, आणि मत एकच होतं: घुसा, संपवा.

आप्पांना कोणीतरी विचारलं, “काय आप्पा, आत जायलाच पाहिजे ना आता?” आप्पा म्हणाले, “आत जायला काय, रात्रीतनं जाता येतं. परत कधी यायचं, ते ठरवलंय का कोणी?”

कोणी काही बोललं नाही. विषय बदलला. घरी येताना म्हणाले, “तिथं कुंपणं ताडाच्या झावळ्यांची. उंच. पलीकडं म्हातारी उभी आहे का पोरगं बंदूक घेऊन, काही दिसायचं नाही.” बस, एवढंच. इतक्या वर्षांत जाफन्याबद्दल मी त्यांच्याकडून सलग ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य असेल.

आत्ता रात्री मला जे छळतंय ते हे आहे. तक्त्यात ओळ नाही म्हणून आप्पांचा मान गेला, एवढ्यावर मी आधी अडले होते. पण मानाबरोबर त्यांचं मतही गेलं. 71 लढलेला माणूस बोलला की ते अनुभवाचे बोल. जाफन्याला लढलेला बोलला की म्हातारा घाबरला. देशानं पुढे काय करावं हे ठरवताना आपण आपल्या मागच्या लढाया विचारतो, आणि त्यातल्या फक्त जिंकलेल्या, सोप्या सांगता येणाऱ्या लढायांनाच बोलू देतो. ज्या लढाईला ‘परत कधी यायचं’ हा प्रश्न ठाऊक होता, तिलाच आपण बाहेर उभं केलंय. आप्पा मेमध्ये बरोबर होते की नाही हा मुद्दाच नाही. 10 मेला गोळीबार थांबला, ती वेळ आली नाही. पण त्यांचं ऐकून घ्यायला हवं होतं.

आणि लोक काही आंधळे होतात असंही नाही, हे मला स्वतःला सांगायला हवं. 71 नंतर 72च्या विधानसभेत काँग्रेसला इथे 270 पैकी 222 जागा मिळाल्या, ते खरं. पण 99ला कारगिलनंतर लोकसभा आणि विधानसभा एकत्रच झाल्या, आणि त्याच मतदारांनी 48 पैकी 28 खासदार युतीला दिले नि राज्यात युतीचं सरकार घालवलं. ज्या बोफोर्सनं 89ला दिल्लीतलं सरकार पाडलं, ती तोफ कारगिलला पोरांची लाडकी झाली. मतं इतकी बदलू शकतात. मग आठवणही बदलेल की कधीतरी.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातली शिळा आज फार आठवतेय. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण गेले. फ्रान्सात, मेसोपोटेमियात जाऊन लढावं असं अपशिंग्याचं कोणाशी काय वैर होतं? साहेबाच्या लढाया. तरीही गावानं शंभर वर्षं ती नावं सांभाळली, कारण माणसं गावाची होती. लढाई बरोबर होती का चूक, कोणी जिंकलं, कोणाचं राज्य वाढलं, याचा हिशोब मांडून मग गाव रडलं नाही. हे मला पूर्वी कधी इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. आप्पांच्या लढाईला कोणत्या पक्षानं आपली म्हणावं याची वाट मी का बघत बसले आहे? ती कोणाच्याच कामाची नाही, म्हणून कोणी भाषणात वापरलीही नाही. तिच्या नावानं कोणी मतं मागितली नाहीत, कोणी आवाज चढवला नाही. ती जशी झाली तशीच आप्पांकडे राहिली आहे. यात दुःख आहे, पण थोडं समाधानही आहे, आणि ते मला आज पहिल्यांदा जाणवलं.

बुधवार, सकाळ

रात्री उशिरा झोपले. सकाळी चहा देताना विचारलंच, “काल त्याला सांगितलं का नाही तुम्ही?” आप्पा बशीत चहा ओतत म्हणाले, “सांगितलं असतं तर पुढं विचारलं असतं, कोण जिंकलं. मग काय सांगायचं पोराला?”

मी म्हटलं, “ते नाही कळलं तर ते सांगायचं.” त्यावर त्यांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

मग मी दिल्लीचं काढलं. इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्ध स्मारक, 2019ला झालेलं. तिथे ग्रॅनाइटच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत, आणि श्रीलंकेत गेलेल्यांचीही आहेत. आप्पांना हे माहीत होतं! पलटणीतल्या कोणीतरी फोटो पाठवला होता म्हणे, मोबाइलमध्ये आहे. मला कधी दाखवला नाही. आता धाकटा तो शोधतोय आणि आप्पा शेजारी बसून “वर सरकव, अजून वर” करतायत. त्यांचं दोघांचं काय ते चालू दे, मी मधे पडत नाही.

दिवाळीनंतर जाऊ म्हणाले, डिसेंबरात नको, थंडीनं गुडघा धरतो. गोवा एक्सप्रेस साताऱ्यावरूनच जाते, खालचा बर्थ बघ म्हणाले. मी म्हटलं, एका दिवसात स्मारक बघून होईल, दुसऱ्या दिवशी त्याला लाल किल्ला दाखवू.

“एका दिवसात नाही व्हायचं,” आप्पा म्हणाले. “आमचेच पुष्कळ आहेत.”