दुनळीचा अडकणारा लिव्हर मोकळा करताना

बारा बोअरच्या साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी नळ्यांच्या) दुनळी बंदुकीचा, ती उघडायचा वरचा लिव्हर जड झाला होता. अंगठ्याने उजवीकडे ढकलला की अर्ध्यावर अडायचा आणि बंदूक बंद केल्यावर मधोमध परत यायला रेंगाळायचा. यातलं दुसरं लक्षण जास्त गंभीर. लिव्हर मागे राहिला म्हणजे त्याच्या दांड्याला जोडलेला, नळ्या बंद धरून ठेवणारा बोल्ट नळ्यांखालच्या खाचांत पुरता शिरलेला नसतो. बंदूक बंद दिसते, पण पक्की बंद नसते. अशा वेळी अंगठ्याने लिव्हर जागेवर रेटून बार काढणं मला साफ नामंजूर आहे.

आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवली. आत काडतूस असताना लिव्हर हलेनासा झाला असेल तर ठोकाठोक करू नये; नळ्यांचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून जाणकार गनस्मिथला (बंदुका दुरुस्त करणाऱ्याला) बोलवावं.

मग नळ्या उतरवल्या. लिव्हरच्या तक्रारीत ही चाचणी सगळ्यात उपयोगाची, कारण दोष नळ्यांच्या बाजूला आहे की आत, हे तिथेच कळतं. नळ्या निघाल्या की बऱ्याच बंदुकांत लिव्हर उजवीकडेच अडून राहतो. त्याला धरणारी एक छोटी अडकण असते आणि बंद होताना नळ्या तिला दाबतात. ती मी लाकडी काडीने दाबली. लिव्हर चटकन मध्ये यायला हवा होता, तो सरकत सरकत आला. म्हणजे दोष आतच. नळ्यांशिवाय लिव्हर मोकळा फिरला असता तर खाचांच्या कडा आणि बिजागरीची खीळ तपासली असती, शिवाय टाचणी (फायरिंग पिन) मागे न सरता काडतुसाच्या बुडातल्या टोपीत (प्रायमरमध्ये) रुतून राहते का तेही पाहिलं असतं. तसं असलं की वापरलेल्या टोपीवर ओढल्याचा ओरखडा दिसतो.

यानंतर लिव्हरखाली दडलेला स्क्रू अर्धा फेरा सैल केला. लिव्हर उजवीकडे धरून ठेवल्याशिवाय तो दिसतही नाही. दमट हवेत लाकूड फुगलं किंवा हा स्क्रू जास्त आवळला की लिव्हरखालची धातूची पट्टी किंचित वाकते आणि दांडा घासायला लागतो. स्क्रू सैल करताच लिव्हर पूर्ण सुटला तर रोग तोच. इथे थोडा फरक पडला, पुरता नाही, म्हणून लाकडी दस्ता उतरवणं भाग होतं.

स्क्रू ड्रायव्हरचं पातं स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेच्या रुंदीचं आणि दोन्ही बाजूंनी समांतर हवं. घरातल्या पाचरीसारख्या टोकाचं पातं वर निसटतं आणि खाच कायमची फाटते. प्रत्येक स्क्रू कुठला, हे कागदावर आकृती काढून त्यात टोचून ठेवलं.

दस्ता निघाल्यावर कारण समोर आलं. दांड्याभोवती जुनं तेल वाळून तपकिरी, काकवीसारखं चिकट झालं होतं. वरून भरमसाट तेल घालून बंदूक दस्त्यावर उभी ठेवली की ते सगळं खाली उतरून इथेच साचतं आणि लाकडाचं तोंडही मऊ करतं. लिव्हरला मध्ये परत आणणाऱ्या व्ही आकाराच्या स्प्रिंगला मी हात लावला नाही. ती योग्य क्लॅम्पशिवाय काढली तर उडते किंवा तुटते. ब्रशने थेंब थेंब रॉकेल सोडून लिव्हर हळूहळू मागेपुढे केला, पुसला, पुन्हा सोडलं, कापड स्वच्छ निघेपर्यंत. पूर्ण सुकल्यावर दांड्याच्या वर-खाली पातळ तेलाचा एकेक थेंब आणि बोल्टच्या सरकत्या पृष्ठावर ग्रीसचा पुसट हात, एवढंच.

जोडणी झाल्यावर बोल्ट खाचांत सारखा टेकतो का हे पाहायला त्यावर दिव्याची काजळी लावून बंदूक बंद केली आणि उघडली. काजळी दोन्ही खाचांच्या पृष्ठांवर सारखी उमटली. एकाच कडेला उमटली असती तरी मी कानस उचलली नसती. घासून गेलेला धातू परत येत नाही आणि बंदूक सैल होते. लिव्हर मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबतो, ते ठीकच आहे. झीज होत जाते तसा तो डावीकडे सरकतो.

लिव्हरखालचा स्क्रू शेवटी आवळला, तो त्याच्या डोक्यावरची खाच नळ्यांच्या रेषेत येईपर्यंतच. त्यापुढे आणखी थोडा फिरवून पाहिला तर लिव्हर लगेच जड लागला, म्हणून पुन्हा रेषेवर आणला. तेल दिल्यानंतर बंदूक रात्रभर नळ्यांचं तोंड खाली करून कापडावर उभी ठेवतो.